वशिंडाचा मासा

1986 सालच्या ऑगस्टमध्ये, मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना, आमच्या वर्गाची सहल लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या, महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाच्या पैदास केंद्रावर गेली होती. बाहेर मावळातला नेहमीचा पाऊस कोसळत होता. आत ओळीने मांडलेल्या ट्रेमधून पाणी झुळझुळत होते आणि त्या पाण्याच्या तळाशी महाशीरची अंडी पसरलेली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, मधासारख्या पिवळ्या रंगाची. तलावातून धरलेल्या मादीच्या पोटावरून हलकेच बोटे फिरवून अंडी कशी काढतात, नराचे बीज त्यांत पिसाने कसे कालवतात, हे तिथल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने आम्हाला इतक्या मायेने समजावून सांगितले की, एखादी सुईण आपल्या कामाविषयी बोलते आहे असे वाटावे. पुढच्या टाक्यांमध्ये बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) होती. ती कुठे जाते असे कोणीतरी विचारले, तेव्हा त्यांनी राज्यांची नावे घेतली आणि शेवटी म्हणाले, "कर्नाटकात, कावेरीतसुद्धा." आपल्या मावळातला मासा कावेरीत पोहतो आहे, या कल्पनेने आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ती टाळी मला पुढे पुष्कळ वर्षांनी आठवली आणि तेव्हापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

त्या केंद्रामागचा हेतू चांगलाच होता, हे आधी सांगायला हवे. मुळशी, वळवण, शिरोटा, ठोकरवाडी ही विजेसाठी बांधलेली तळी सह्याद्रीच्या माथ्यावर उभी राहिली, नद्यांचे प्रवाह अडले, आणि वरच्या वाहत्या पाण्यात अंडी घालायला जाणाऱ्या महाशीरची संख्या घटत गेली. ज्या तळ्यांमुळे नुकसान झाले त्याच तळ्यांतले मासे घेऊन 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची पैदास करण्याचे काम हाती घेण्यात आले. महाशीरसारख्या माशाची कृत्रिम पैदास इतक्या मोठ्या प्रमाणावर जमवणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. आमच्या माशाचे शास्त्रीय नावही याच मातीतले आहे. पुण्याच्या पूर्वेला साधारण 8 मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 साली त्याला 'खुद्री' हे नाव दिले, आणि आज तो 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. लांबट, भरदार, डोक्यापासून पाठीच्या परापर्यंत एकसंध कमान असलेला, निळसर परांचा हा मासा. त्याच्यात दोष काढावा असे काही नाही.

पण कावेरीत तेव्हा आणखी एक महाशीर होता, आणि त्याच्या पाठीवर वशिंड होते.

मासे मोजण्याचे काम मला सहलीच्या पुढच्याच वर्षी शिकवले गेले, म्हणून आकार या विषयाची माझी ओळख हाताने झाली, पुस्तकाने नव्हे. आमच्या सरांनी मला एक व्हर्नियर कॅलिपर, एक वही आणि मुठा नदीतले चिमुकले पुंटियस मासे दिले होते. काही मासे खळाळत्या पाण्यातले होते, काही बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यातले. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, पाठीच्या सर्वांत उंच बिंदूपासून पोटापर्यंतची उंची, डोळ्याचा व्यास, शेपटीमागच्या निमुळत्या भागाची जाडी, असे एकेका माशाचे दहा-बारा आकडे मी लिहून काढत असे. त्या प्रकल्पातून सिद्ध फारसे काही झाले नाही, कारण मासे थोडे होते आणि हात नवशिके होते. पण दोन महिने ते आकडे लिहिल्यावर एक गोष्ट अंगात मुरली. माशाच्या आकारात नक्षीचा भाग फार थोडा असतो. तो कोणत्या पाण्यात राहतो, काय खातो आणि कोणाच्या तोंडी जाण्यापासून वाचतो, याचा तो पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेलेला हिशेब असतो. खळाळत्या प्रवाहात राहायचे तर पाण्याचा विरोध कमी व्हावा म्हणून अंग चिंचोळे हवे. वेलींच्या आणि गवताच्या गर्दीत चटकन वळायचे तर अंग उंच आणि चपटे हवे. शिकाऱ्यापासून झेप घेऊन सुटायचे तर शेपटीमागचा भाग जाड, स्नायूंनी भरलेला हवा. या सगळ्या गरजा एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत, म्हणून प्रत्येक मासा ही एक तडजोड असते, आणि ती तडजोड त्या विशिष्ट नदीशी झालेली असते.

आता कॅलिपरची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. माशाचा बाजूने फोटो काढतात, तोंडाचे टोक, डोळा, परांची बुडे, शेपटीचा सांधा अशा ठरावीक जागी बिंदू देतात, आणि मग संगणक माशाचा लहानमोठेपणा, त्याची जागा आणि त्याचा कल हे सगळे हिशेबातून वजा करून टाकतो. उरतो तो निव्वळ आकार. ही पद्धत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला गहिवरून आले होते, कारण आम्ही वहीत ज्याच्या मागे लागलो होतो ते इथे पडद्यावर नुसत्या रेषेच्या रूपात उभे होते.

दुसऱ्या माशाच्या येण्याने माशाच्या अंगाची घडण बदलू शकते, हे निर्विवादपणे दाखवणारा प्रयोग स्वीडनमध्ये झाला. ख्रिस्तर ब्रॉनमार्क आणि जेफ्री मायनर यांनी तो 1992 साली प्रसिद्ध केला. तिथल्या तळ्यांत क्रूशियन कार्प नावाचा साधा, गरीब मासा असतो. ज्या तळ्यांत शिकारी मासा नसतो तिथे तो सडपातळ असतो. जिथे पाइक हा लांब तोंडाचा शिकारी असतो तिथे तोच मासा पाठीपोटाने उंच, जवळजवळ ताटलीसारखा दिसतो. पाइकने सडपातळ मासे आधी खाऊन टाकले म्हणून उंच तेवढे उरले, असे कोणालाही वाटेल. या दोघांनी प्रत्यक्ष तळ्यांत पाइक सोडून पाहिले, तेव्हा जिवंत असलेल्या माशांचीच अंगे उंच होत गेली, एकाच आयुष्यात आणि थोड्याच काळात. पाइक भक्ष्य अख्खे गिळतो. त्याचा जबडा जेवढा उघडतो त्याहून भक्ष्य उंच झाले की ते त्याच्या तोंडात मावत नाही. पुढच्या प्रयोगांतून असेही दिसले की, कार्पला पाइक डोळ्यांनी दिसण्याची गरजही नसते. भाऊबंद खाल्लेल्या पाइकच्या भोवतालचे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचले, तरी शरीर वाढीची दिशा बदलते. पाण्यातून आलेला निरोप ऐकून हाडे आणि स्नायू वेगळ्या मापाने वाढू लागतात, याची कल्पना करून पाहिली की माशाकडे बघण्याची आपली नजर कायमची बदलते.

अर्थात याची किंमत मोजावी लागते. उंच अंगाला पोहताना पाण्याचा विरोध जास्त होतो आणि त्यासाठी जास्त ऊर्जा लागते, म्हणूनच शिकारी नसेल तिथे कार्प ही उंची बाळगत नाही. आकार हे कर्ज आहे, आणि ते कोणाच्या धाकाने काढले आहे हे माशाचे शरीर जाणते.

मात्र ही सोय त्या जुन्या ओळखीवर उभी आहे. क्रूशियन कार्प आणि पाइक यांचा शेजार फार जुना आहे. ज्या शत्रूला नदीने कधी पाहिलेच नाही असा शत्रू येतो, तेव्हा हा निरोप पोहोचेलच असे नाही, आणि पोहोचला तरी जुने उत्तर नव्या प्रश्नाला लागू पडेल असेही नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीची गोष्ट मला म्हणून फार महत्त्वाची वाटते. त्या नदीच्या खोल घळींत दोन वेगवेगळ्या कुळांतल्या माशांना डोक्यामागे उंच वशिंड आहे. एकाचे नाव हंपबॅक चब, दुसऱ्याचे रेझरबॅक सकर. प्रवाहाच्या लोंढ्यात तोल सांभाळायला हे वशिंड उपयोगी पडत असावे, अशी जुनी समजूत होती. पोर्ट्झ आणि टायस या दोन संशोधकांनी 2004 साली वेगळा विचार मांडला. त्या नदीतला मोठा देशी शिकारी मासा म्हणजे कोलोरॅडो पाइकमिनो. पूर्वी तो पुरुषभर लांबीचा होत असे, पण त्याच्या जबड्यात दात नसतात, म्हणजे तोही भक्ष्य अख्खे गिळणारा. त्याच्या तोंडात मावू नये इतकी अंगाची उंची वाढवायची, आणि ती कमीत कमी वजनात वाढवायची, यासाठी वशिंड हा उपाय झाला असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या नदीवर ग्लेन कॅन्यन धरणाची दारे 1963 साली बंद झाली. जे पाणी गढूळ आणि उन्हाळ्यात कोमट असे, ते धरणाच्या तळातून थंड आणि नितळ येऊ लागले. बाहेरून आणलेले ट्राउट, कॅटफिश, बास हे मासे नदीत स्थिरावले. नितळ पाण्यात नजरेने शिकार करणाऱ्यांचे फावले. हे नवे शिकारी चबची पिल्ले खातात, आणि पिल्लांना वशिंड नसते. ते मोठेपणी येते. म्हणजे ज्या वयात नवा शत्रू गाठतो त्या वयात जुने चिलखत अंगावर चढलेलेच नसते. धरणाखालच्या भागात स्मॉलमाउथ बासची पैदास होऊ लागल्याचे 2022 साली आढळले, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांची झोप उडाली ती याच कारणाने.

कधी कधी देशी मासा टिकतो, पण बदललेल्या अंगाने. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात 1950 च्या दशकात नाइल पर्च हा प्रचंड मोठा मासा सोडला गेला, आणि 1980 च्या दशकात त्याची संख्या भडकली, तेव्हा तिथल्या शेकडो छोट्या सिक्लिड जातींपैकी अनेक नाहीशा झाल्या. त्यांतली एक छोटी, प्लवकांवर जगणारी जात जवळजवळ संपली होती, ती 1990 च्या दशकात पुन्हा दिसू लागली. नेदरलँड्सच्या फ्रान्स विटे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या बरण्यांतले मासे आणि नवे मासे शेजारी ठेवून मोजले. नव्या माशांचे कल्ले मोठे झाले होते, डोळे लहान झाले होते, डोक्याच्या मानाने शेपटीमागचा भाग भारी झाला होता. पाणी गढुळले होते, त्यातला प्राणवायू घटला होता आणि पाठीमागे पर्च होता; या तिन्हींची छाप दोन दशकांत एका छोट्या माशाच्या अंगावर उमटली होती. ते नदीचे नव्हे, सरोवराचे उदाहरण आहे, पण बरणीतल्या माशांशी तुलना झाली म्हणून ते मला जवळचे वाटते. जुने मासे कोणीतरी जपून ठेवले नसते तर हा बदल कधी कळलाच नसता.

कावेरीच्या बाबतीत अशी बरणी नव्हती. तिथे होते ते फोटो आणि गळाने मासे धरणाऱ्यांच्या नोंदी.

कावेरीच्या मोठ्या महाशीरची कीर्ती जुनी आहे. म्हैसूरच्या व्हॅन इंगन कुटुंबातल्या एका गृहस्थांनी 1946 साली कबिनी या कावेरीच्या उपनदीत गळाने धरलेला महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा होता. या माशाच्या कल्ल्यांच्या जवळून, डोक्याच्या मागच्या कडेपासूनच पाठ उचलत जाते आणि पृष्ठपराच्या बुडापर्यंत तो उंचवटा राहतो. आपल्याकडच्या बैलाच्या वशिंडाखेरीज त्याला दुसरी उपमा मला सुचत नाही. पर केशरी, अंगावर सोन्याची झाक. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याला स्वतःचे शास्त्रीय नाव नव्हते. कित्येक दशके त्याला 'टॉर मुसुल्ला' म्हणत, आणि ते नावही मुळात आपल्याकडचेच होते: शिरूरला घोड नदीत मिळालेल्या एका वेगळ्याच माशाला साइक्स यांनी दिलेले. दख्खनच्या एका माशाचे नाव कावेरीच्या माशाला चुकून चिकटले होते. पुढे दख्खनचा प्रत्यक्ष मासाही तिथे जाऊन पोहोचला.

कर्नाटकातल्या गालिबोर, भीमेश्वरी, दोड्डमकळी या कावेरीकाठच्या तळांवर देशोदेशीचे गळकरी येत, मासा धरून वजन करून परत सोडत, आणि त्याची नोंद होत असे. 2012 च्या सुमारास, अभयारण्यात गळ टाकायला कायद्याने मनाई झाल्यावर, हे थांबले. मागे राहिलेल्या गालिबोरच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासल्या आणि 2015 साली जे प्रसिद्ध केले ते वाचताना माझे हात गार पडले. निळ्या परांचा महाशीर, म्हणजे आपला खुद्री, संख्येने वाढत गेला होता आणि त्याची सर्व वयांची पिल्लावळ नदीत होती. वशिंडाचा महाशीर मात्र तुरळक, आणि जो मिळे तो मोठाच. लहान मासे जवळजवळ नव्हतेच. म्हणजे म्हातारे होते, पण मागून कोणी येत नव्हते.

त्यानंतर या माशाला नाव मिळवून देण्यासाठी शोध सुरू झाला. कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीत तो अजून होता. तिथल्या माशांची मापे आणि जनुके तपासल्यावर असे कळले की, केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतल्या लहान माशांवरून 2007 साली ज्याचे वर्णन झाले होते तो 'टॉर रेमादेवी' हाच. चेन्नईच्या मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या नावावरून ते नाव ठेवलेले होते. 2018 साली ओळख पटली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. 50 किलोंपेक्षा मोठा होणारा मासा, आणि स्वतःच्या नावाने तो जगाला कळला तो नाहीसा होण्याच्या उंबरठ्यावर.

इथे आकाराचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो, आणि माझ्या मते हेच त्याचे सर्वांत दुःखद रूप आहे. स्वीडनच्या कार्पचे अंग त्याच्याच आयुष्यात बदलले. व्हिक्टोरियाच्या माशाचे अंग थोड्या पिढ्यांत बदलले. कावेरीत मात्र एकाही माशाने आपले अंग बदलले नाही. 1970 साली आणि 2010 साली त्या टप्प्यातल्या महाशीरचे फोटो घेऊन कोणी बिंदू दिले असते आणि सरासरी रेषा काढली असती, तर संगणकाने सांगितले असते की या नदीतल्या महाशीरची पाठ सपाट होत गेली आहे. ती सपाट झाली ती माणसांनी एका पाठीच्या जागी दुसरी पाठ आणून ठेवली म्हणून. शिवाय कार्प कुळातल्या माशांत संकर सहज होतो आणि हे दोघे एकाच प्रजातीगटातले, त्यामुळे उरलेल्या वशिंडांत खुद्रीचे रक्त मिसळण्याची धास्ती अभ्यासकांना वाटते. तसे झाले तर वशिंड एका झटक्यात न जाता पिढीगणिक उतरत जाईल, आणि ते उतरले हे डोळ्यांना कळायलाही वेळ लागेल.

सगळा दोष बोटुकलीचा नाही, हेही खरे. कृष्णराजसागर आणि मेट्टूर ही धरणे 1930 च्या दशकातली, त्यांनी नदीचे तुकडे केले. काठावरून सुरुंग टाकून मासे मारले गेले, वाळू उपसली गेली. पण ज्या नदीवर आधीच इतका भार आहे, तिच्यात एक धट्टाकट्टा, तळ्यात आणि प्रवाहात दोन्हीकडे जुळवून घेणारा, जवळचाच नातलग मोठ्या संख्येने सोडणे म्हणजे दुष्काळातल्या घरी पाहुण्यांची पंगत बसवणे होते. 'महाशीर वाचवा' असे म्हणताना कोणता महाशीर, कोणत्या नदीतला, हे विचारलेच गेले नाही. मीही विचारले नव्हते, आणि मी तर प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी होते.

आमच्या घराजवळच्या पाण्यात हाच बदल इतक्या उघडपणे झाला आहे की त्याची कोणाला चाहूलही लागत नाही. भिगवणच्या बाजारात सकाळी उजनीच्या माशांचे ढीग लागतात. मोझांबिकची तिलापिया 1952 साली भारतात आणली गेली. आज भीमेच्या काठी ती 'चिलापी' या घरगुती नावाने ओळखली जाते, जणू ती कायम इथलीच होती. आकाराने गोलसर, चपटी, पाठीवर काटेरी पराची लांब झालर. त्या ढिगांकडे नुसत्या रेषेच्या नजरेने पाहिले तर लांबट मरळ, सापासारखी वाम, मिशाळ शेंगाळा, निमुळता कोळस या रेषा मधूनमधून दिसतात आणि बाकी सगळे गोलच गोल. चिलापीचे स्वतःचे शरीरही मोठे लवचीक आहे: गर्दी झाली की ती वाढणे थांबवते आणि बोटभर असतानाच अंडी घालू लागते, म्हणून साचलेल्या पाण्यात तिच्याशी कोणाचा निभाव लागत नाही. त्यातच आता तळ खरवडणारा, अंगावर हाडांची ढाल असलेला सकर मासा आला आहे. तो जाळे फाडतो, खायच्या कामाचा नाही, आणि हौसेच्या काचपेट्यांतून नदीत सोडला गेलेला आहे. भिगवणच्या एका वयस्क भोई बाईंना मी विचारले होते की, तुमच्या लहानपणी टोपलीत काय असे. त्यांनी एकेक नाव घेताना हाताने त्या माशाची लांबीरुंदी दाखवली. सात-आठ नावांना सात-आठ वेगवेगळे हात झाले. मग चिलापी म्हणताना त्यांनी दोन्ही हातांची बोटे जुळवून एक गोल केला आणि तो तसाच धरून ठेवला.

हातांची ही भाषा मी कावेरीकाठीही पाहिली. 2019 च्या हिवाळ्यात माझ्या भाच्याबरोबर बंगळूरहून भीमेश्वरीला गेले होते. गळ टाकणे बंद झाल्यावर तिथे आता पक्षी आणि मगरी पाहायला लोक येतात. टोपलीसारख्या गोल नावेतून आम्हाला फिरवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते, आणि तरुणपणी गळकऱ्यांचे वाटाडे होते. नाचणीचे गोळे मळून गळाला कसे लावायचे, मासा खडकांत शिरला तर दोर कसा ढिला सोडायचा, हे ते मोडक्या हिंदीत सांगत होते. वशिंडाच्या माशाचे नाव काढल्यावर ते थोडा वेळ वल्हे मारत राहिले. मग त्यांनी वल्हे मांडीवर ठेवले, उजवा तळहात पालथा आणि सपाट धरला व म्हणाले, "हा निळ्या पराचा." त्याच हाताची पेरे त्यांनी हळूहळू वर उचलली, मनगट खाली ठेवून, आणि म्हणाले, "हा आमचा." छोटा, असा हाताएवढा, पेरे उचललेला मासा शेवटचा कधी पाहिला असे मी विचारले, तर त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाच्या आधीची गोष्ट सांगितली. मुलीला आता कॉलेजात जाणारा मुलगा आहे.

निळ्या पराचा मासा ज्या गावाहून आला त्याच्या जवळची मी आहे, हे त्यांना सांगावे की नाही, याचा मी नावेत बसून बराच विचार केला. शेवटी सांगितले. ते रागावले नाहीत. "तोही चांगला मासा आहे अम्मा," ते म्हणाले. "जोर लावतो. गळाला लवकर लागतो. पाहुण्यांना आवडायचा." मला रागावणे सोसले असते, हे सोसणे जड गेले.

गेल्या पावसाळ्यानंतर मी महाडजवळच्या वाळण कोंडीला गेले होते. काळ नदीच्या त्या खडकाळ डोहात वरदायिनीच्या नावाने महाशीर राखलेले आहेत. तिथे कोणी जाळे टाकत नाही, गळ टाकत नाही. देवीचे दर्शन घेऊन आलेल्या बायका काठावर बसून चुरमुरे टाकतात आणि काळसर पाण्यातून मोठमोठ्या पाठी वर येतात. मीही चुरमुऱ्यांची पुडी घेतली. मासे इतक्या जवळ आले की खवलेसुद्धा मोजता आले असते. इथला महाशीर खुद्रीच. सगळ्यांत मोठा मासा खडकाच्या कडेला येऊन थांबला, तेव्हा मी वाकून त्याच्या पाठीच्या वर, पाण्याला न लावता, उजवा तळहात पालथा धरला. पेरे न उचलता, सपाट. डोक्यापासून पृष्ठपरापर्यंत ती पाठ त्या हाताखाली बरोबर बसत होती.